१६५० सालच्या ॲमस्टरडॅममधल्या जुळाऱ्याला जग किती माहीत असेल?

शाईचा डाग :

नमस्कार. एक कादंबरी लिहितेय आणि तिसऱ्या प्रकरणाशी येऊन अडलेय, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते.

नायक ॲमस्टरडॅमच्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईची अक्षरं (खिळे) जुळवणारा कामगार आहे. साल १६५०, वय अठ्ठावीस. शाळेत थोडंफार शिकला, विद्यापीठाची पायरी चढलेला नाही. डच चांगलं वाचतो आणि रोज लॅटिन मजकुराचे खिळे जुळवून ती भाषाही त्याला अर्धीमुर्धी उमगायला लागलीय.

मी पंधरा वर्षं मुद्रितं तपासते, त्यामुळे छापखाना मला लिहिता येतो. उलट्या ओळी वाचायला सरावलेले डोळे, नखांच्या कडेला राहून गेलेली शाई, एका अक्षराचे खिळे संपले म्हणून खोळंबलेलं पान, हे सगळं जमतंय. पण त्या माणसाच्या डोक्यातलं जग मला दिसत नाही. पहिल्या खर्ड्यात मी त्याला भाबडा केला. क्षितिजापलीकडे गेलेलं जहाज खाली पडेल याची भीती, प्रत्येक समुद्रात राक्षस, परके लोक म्हणजे सैतानाचे भक्त. आठवड्यानं पुन्हा वाचलं तर तो माणूस खोटा वाटला. ज्याच्या हाताखालून रोज चार पानं मजकूर जातो तो इतका कोरा कसा असेल?

पृथ्वी, सूर्य, दूरचे देश, तिथल्या लोकांचे धर्म, प्राणी-पक्षी. याबद्दल अशा माणसाला काय माहीत असेल, आणि मुख्य म्हणजे जे चुकीचं माहीत असेल ते का?

रेखांश :

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, निवृत्त होऊनही आता बराच काळ झाला, पण "चुकीचं का माहीत होतं" असं विचारणारे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

खाली पडणाऱ्या जहाजाचं पान आधी फाडून टाका. पृथ्वी गोल आहे हे युरोपातल्या शिकलेल्या माणसांना मध्ययुगातही ठाऊक होतं. शिवाय १५२२ साली मॅगेलनच्या ताफ्यातलं ‘व्हिक्टोरिया’ जहाज पृथ्वीला वळसा घालून परत आलं, त्याला तुमच्या कथेच्या काळापर्यंत सव्वाशे वर्षं उलटून गेली होती. त्या सफरीतली एक गोष्ट तुमच्या नायकाच्या तोंडी शोभेल. परतीच्या वाटेवर ते लोक केप व्हर्दच्या बेटांवर अन्नपाण्यासाठी थांबले. जहाजावरच्या रोजनिशीप्रमाणे बुधवार होता, किनाऱ्यावरचे पोर्तुगीज म्हणाले गुरुवार. सफरीवरचा पिगाफेट्टा हा इटालियन रोज नेमानं टिपण ठेवत होता, त्याचा एकही दिवस सुटला नव्हता. सतत पश्चिमेकडे जात पृथ्वीची पूर्ण फेरी झाल्यामुळे त्यांचा एक सूर्योदय कमी भरला होता. वर्गात मी ही गोष्ट सांगायचो तेव्हा मुलं बोटांवर दिवस मोजत बसायची.

सूर्याबद्दल तुमच्या जुळाऱ्याला एक नाही, दोन मतं माहीत असतील. त्याच्याच शहरात विलेम ब्लाऊ पृथ्वीगोल आणि नकाशे बनवून विकत असे. तरुणपणी तो टायको ब्राहे या डॅनिश खगोलज्ञाच्या वेधशाळेत शिकून आला होता. त्यानं १६३४ साली गोल कसे वापरावेत याचं एक डच पुस्तक काढलं, त्याचे सरळ दोन भाग केले. एकात टॉलेमीची स्थिर पृथ्वी, दुसऱ्यात कोपर्निकसची फिरती पृथ्वी. गिऱ्हाइकानं कोणतीही बाजू घेवो, गोल कसा वापरायचा ते त्याला कळलं पाहिजे. गॅलिलिओला रोममध्ये शिक्षा झाली त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. डच धर्मोपदेशकांतही फिरत्या पृथ्वीला कडाडून विरोध करणारे होते, पण पुस्तक डच भाषेत निघालं आणि दुकानात मिळत होतं. तेव्हा नायकाचा मालक एका बाजूचा आणि नायक दुसऱ्या बाजूचा दाखवलात तरी ते खरंच वाटेल.

आता नकाशा. इथे मला थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे.

उत्तर-दक्षिण अंतर त्यांना चांगलं मोजता येत होतं. ध्रुवतारा क्षितिजापासून किती अंश वर आहे ते पाहिलं, किंवा भर दुपारी सूर्याची उंची घेतली, की अक्षांश मिळतो. पूर्व-पश्चिम मोजायला मात्र निघालेल्या बंदरात या क्षणी किती वाजले ते जहाजावर कळावं लागतं. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे घड्याळ चार मिनिटं चुकलं की रेखांश एक अंशानं चुकला. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. १६५० साली लंबकाचं घड्याळसुद्धा नव्हतं. ते ह्युजेन्स या डच शास्त्रज्ञानं १६५६ साली केलं आणि तेही हेलकावणाऱ्या जहाजावर टिकेना. रेखांश शोधून देणाऱ्याला स्पेनच्या राजानं १५९८ साली बक्षीस लावलं, पाठोपाठ डच संसदेनं १६०० साली. समुद्रावर भरवशाचं ठरलेलं घड्याळ हॅरिसन या इंग्रज घड्याळजीचं, त्याची चाचणी १७६१ साली झाली. म्हणजे तुमच्या जुळाऱ्याच्या सगळ्या हयातीत नकाशाची उंची बरोबर आणि रुंदी अंदाजाची.

दुसरी अडचण अशी की कोरी जागा तर्कानं भरली जायची. उत्तर गोलार्धात एवढी जमीन आहे तर तोल राखायला दक्षिणेतही प्रचंड खंड असलाच पाहिजे, असा युक्तिवाद होता. तो मूर्खपणाचा नव्हता, फक्त तपासलेला नव्हता. १६४२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीनं टास्मान या दर्यावर्दीला बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) तो खंड शोधायला धाडलं. ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी डोळ्यांनी न पाहता तो तिच्या भोवतीनं फिरून आला. वाटेत टास्मानिया आणि न्यूझीलंड लागले. न्यूझीलंडचा किनारा पाहून त्याला वाटलं की दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या भूमीचीच ही दुसरी कड असावी. या दोन जागांच्या मध्ये सगळा प्रशांत महासागर आहे! अधलंमधलं काहीच पाहिलेलं नसताना माणसानं दोन टोकं जोडली. आपणही हेच केलं असतं.

कॅलिफोर्निया हे बेट आहे, असं तुमच्या नायकाला ठामपणे वाटायला हरकत नाही. १६२२ साली त्याच्याच शहरात छापलेल्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते बेट म्हणून आलं आणि मग नकाशामागून नकाशात उतरत गेलं. १७०० नंतर किनो हा धर्मोपदेशक पायी आणि घोड्यावरून तिकडे जाऊन आला, तरीही काही नकाशांतून ते बेट हटेना. तांब्याचा पत्रा एकदा कोरला की तो वर्षानुवर्षं चालतो. हे तुम्हाला छापखान्यातल्या माणसाला मी काय सांगणार.

हा बेटवाला नकाशा मी वर्गात लावत असे आणि मुलं हसत. मग मी त्यांना सांगायचो, तू कधीच न पाहिलेल्या एखाद्या गावाचा नकाशा काढ. फक्त मित्राला प्रश्न विचार आणि त्याच्या उत्तरांवरून काढ. पंधरा मिनिटांनी नदी उलटी वाहायची, टेकडी गावाच्या भलत्याच बाजूला जायची. त्या दिवसानंतर जुन्या नकाशाला कुणी हसत नसे.

पाणकावळा :

सरांनी नकाशाचं सांगितलं, मी पक्ष्यांचं सांगतो. पक्षीनिरीक्षणाला लागून वीस वर्षं झाली आणि त्यातून जुन्या चित्रांचा नाद लागला.

तुमच्या जुळाऱ्याला स्वर्गपक्षी, म्हणजे न्यू गिनीकडचे ते झुपकेदार पिसांचे पक्षी, नक्की माहीत असतील. कदाचित मालकाच्या ओळखीच्या एखाद्या श्रीमंताच्या कपाटात त्यानं एक पाहिलाही असेल. आणि त्या पक्ष्याला पाय नसतात हेही त्याला "माहीत" असेल. कारण खरोखरच नव्हते! तिकडचे शिकारी कातडं सुकवताना पाय कापून टाकायचे. व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात पोचली ती पाय नसलेली कातडी. ती हातात घेऊन विद्वानांनी विचार केला: पाय नाहीत म्हणजे बसत नाही, बसत नाही म्हणजे जन्मभर हवेतच राहतो, मग दव पिऊन जगत असणार, आणि अंडं? ते नराच्या पाठीवर. प्रत्येक पायरी मागच्या पायरीला धरून आहे. फक्त पहिल्या पायरीवर कुणाचा तरी सुरा फिरला होता.

यातलं मला सगळ्यात लागतं ते असं की खरी माहिती आधीच आली होती. सरांनी सांगितलेल्या त्याच ‘व्हिक्टोरिया’वर या पक्ष्यांची कातडी भेट म्हणून आली होती आणि पिगाफेट्टानं त्यांच्या पायांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. १६०५ साली लायडनच्या क्लुसियस या वनस्पतीतज्ज्ञानंही पाय असतात असं स्पष्ट छापलं. तरी १७५८ साली लिनियसनं शास्त्रीय नाव दिलं त्याचा अर्थ "बिनपायाचा". आजही त्या पक्ष्याचं नाव तेच आहे. तेव्हा १६५० साली तुमच्या माणसासमोर दोन्ही मतं छापील स्वरूपात होती. त्यानं कोणतं धरावं ते तुम्ही ठरवा.

उलटं उदाहरणही देतो, म्हणजे त्या लोकांनी डोळे मिटून घेतले होते असं वाटणार नाही. एका जातीची बदकासारखी दिसणारी हंसपाखरं हिवाळ्यात युरोपच्या किनाऱ्यावर यायची आणि उन्हाळ्यात नाहीशी व्हायची. त्यांची घरटी कुणी पाहिलेली नव्हती. म्हणून ती समुद्रात वाहून आलेल्या लाकडावरच्या शिंपल्यांतून जन्मतात, किंवा स्कॉटलंडमध्ये झाडाला लागतात, अशी समजूत होती. १५९७ साली लंडनमध्ये निघालेल्या एका मोठ्या वनस्पतीग्रंथात ते झाड चित्रासकट छापलंय. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, जून १५९६ मध्ये, बॅरेन्ट्सच्या डच खलाशांना उत्तर ध्रुवाकडच्या स्पिट्सबर्गेन बेटावर त्यांचीच एक जात अंड्यांवर बसलेली सापडली. त्या सफरीचा वृत्तांत १५९८ साली ॲमस्टरडॅमला छापला गेला आणि त्यात लिहिणाऱ्यानं झाडाची गोष्ट खोडून काढलीय. कारणही किती सुंदर दिलंय: इतक्या उत्तरेला आजवर कुणी गेलंच नव्हतं, मग अंडी दिसणार कुठून? तुमच्या नायकाचा आजा त्या छापखान्यात असू शकतो.

गेंड्याबद्दल थोडक्यात. गुजरातच्या सुलतानानं दिलेला गेंडा मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गचा चित्रकार ड्यूरर, त्यानं तो पाहिला नाही. पत्र आणि कच्च्या रेखाटनावरून लाकडी ठसा केला, आणि मानेजवळ एक जास्तीचं बारीक शिंग आलं. पोपला भेट म्हणून धाडलेला तो जीव इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. चित्र मात्र दोनशेहून अधिक वर्षं पुस्तकांत फिरत राहिलं. १७४१ साली क्लारा नावाची गेंडीण रॉटरडॅमला आली, युरोपभर हिंडली, लोकांनी डोळ्यांनी पाहिली, आणि मग कुठे ते शिंग चित्रांतून जायला लागलं.

उंबरठा :

धर्माचा भाग कुणी घेतला नाही म्हणून लिहिते. माझा हा अभ्यासाचा विषय आहे.

१६५० च्या युरोपात जगातले धर्म चार कप्प्यांत बसवत: ख्रिस्ती, यहुदी, मुसलमान आणि उरलेले सगळे मूर्तिपूजक. चौथा कप्पा केवढा मोठा आहे याची कल्पना त्यांना होती. ब्रेअरवुड नावाच्या खगोलशास्त्राच्या इंग्रज प्राध्यापकानं हिशेब मांडला होता, तो त्याच्या मृत्यूनंतर १६१४ साली छापला गेला: माहीत असलेल्या जगाचे तीस सारखे भाग केले तर पाच ख्रिस्ती, सहा मुसलमान आणि एकोणीस मूर्तिपूजक. ही माणसांची मोजदाद नव्हे, भूभागाची. तरी विचार करा, लहानपणापासून आपलाच धर्म सर्वत्र पाहिलेल्या माणसाला ‘तीसातले पाच’ वाचून काय वाटलं असेल. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

चौथ्या कप्प्याच्या आत काय आहे हे मात्र दिसत नव्हतं. १४९८ साली वास्को द गामाची माणसं कालिकतला एका देवळात गेली. भारतात ख्रिस्ती लोक आहेत असं ऐकूनच ती निघाली होती, म्हणून त्यांना ते चर्च वाटलं. भिंतीवरचे मुकुटधारी संत, कुणाचे दात बाहेर आलेले, कुणाला चार-पाच हात, हे सगळं त्यांच्या रोजनिशीत आहे, आणि तरीही ते संतच. एका पोर्तुगीज बखरीत असं येतं की त्यांच्यातल्या एकाला शंका आली. गुडघे टेकताना तो म्हणाला, हा सैतान असला तरी मी खऱ्या देवालाच नमस्कार करतोय. मला तो माणूस फार जवळचा वाटतो. समोर काय आहे ते त्याला कळत नव्हतं, पण काहीतरी वेगळं आहे एवढं त्यानं ओळखलं.

आता तुमच्या सालाकडे या, कारण तुम्ही साल फार चांगलं निवडलंय. आब्राहाम रोजेरियस हा डच धर्मोपदेशक दहा वर्षं पुलिकतच्या (आजच्या चेन्नईजवळ) डच वखारीत होता. तिथे पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाशी पोर्तुगीज भाषेत बोलून त्यानं देवदेवता, सण, आचार यांची तपशीलवार टिपणं केली. १६४९ साली तो वारला आणि १६५१ साली लायडनला त्याच्या विधवेनं पुस्तक काढलं. नावाचा अर्थ साधारण "लपलेल्या मूर्तिपूजक धर्माचं उघडं दार". त्याच्या शेवटी भर्तृहरीची नीती आणि वैराग्याची वचनं डचमध्ये आहेत. आपल्या वामन पंडितांनी भर्तृहरी मराठीत आणला तोही त्याच शतकात. म्हणजे तुमच्या जुळाऱ्याच्या हातात भर्तृहरी पडू शकतो!

शिवाय ॲमस्टरडॅममध्ये यहुदी त्याचे शेजारी होते. मनश्शे बेन इस्राएल या रब्बीचा स्वतःचा छापखाना होता. त्याचं १६५० सालचं पुस्तक वाचा, त्यात ही हकीकत आहे. माँटेझिनोस नावाचा प्रवासी १६४४ साली ॲमस्टरडॅमला आला आणि शपथेवर सांगू लागला की दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत आपल्याला इस्राएलच्या हरवलेल्या वंशातले लोक भेटले. अमेरिकेत माणसं आहेत, पण बायबलात त्यांचा उल्लेख नाही, मग ती कुणाची लेकरं? हा त्या काळाचा खरा घोर होता. १६५५ साली ला पेरेर या फ्रेंच लेखकानं ॲमस्टरडॅमलाच छापलेल्या पुस्तकात सांगून टाकलं की आदमच्या आधीही माणसं होती. पुस्तक जाळलं गेलं, त्याला अटक झाली, त्यानं माघार घेतली. आणि १६५० सालीच आयर्लंडच्या अशर या आर्चबिशपनं जगाची उत्पत्ती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली असा हिशेब छापला होता. भूगोल, धर्म, कालगणना ही तेव्हा वेगळी खाती नव्हती. एकाला धक्का लागला की तिन्ही हलायची.

शाईचा डाग :

तुम्हा तिघांचे आभार मानायला शब्द शोधतेय. दोनदा वाचून काढलं, वहीत उतरवलं. पुलिकतच्या पुस्तकावर एक अख्खं प्रकरण होईल, त्यासाठी त्याला लायडनला पाठवीन.

सर, एकच राहिलं. समोर दोन छापील मतं असताना माझा माणूस कशावर विश्वास ठेवील? छापलंय म्हणून खरं, असं तर तो म्हणणार नाही. चुका कशा छापल्या जातात हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

रेखांश :

त्याला फान हेल्मोंटचं पुस्तक जुळवायला द्या. हा ब्रसेल्सकडचा वैद्य १६४४ साली वारला, आणि त्याचे लॅटिन लेख मुलानं १६४८ साली ॲमस्टरडॅमला एल्झेव्हिर या प्रकाशकाकडून छापून घेतले. कादंबरी दोन वर्षं मागे न्यावी लागेल, पण तेवढी किंमत द्याच.

त्या एकाच पुस्तकात दोन मजकूर आहेत. एकात उंदीर तयार करायची कृती: मळका सदरा गव्हाच्या भांड्यात कोंबून ठेवावा, एकवीस दिवसांत गव्हाचे उंदीर होतात. दुसऱ्यात वाळुंजाच्या झाडाचा प्रयोग. २०० पौंड माती भट्टीत सुकवून कुंडीत भरली, ५ पौंडांचं रोप लावलं, धूळ पडू नये म्हणून छिद्रांच्या पत्र्यानं झाकलं, आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस भरलं. माती पुन्हा सुकवून तोलली तर अवघी २ औंस कमी. त्यावरून तो म्हणाला की १६४ पौंड लाकूड, साल आणि मुळं निव्वळ पाण्यापासून झाली. हवेतून झाड काय घेतं हे कळायला आणखी सव्वाशे वर्षं लागायची होती, म्हणून निष्कर्ष अपुरा. पण मातीतून झाड होत नाही, एवढं त्यानं तराजूनं दाखवलं.

माणूस एकच, पुस्तक एकच. सदरा त्यानं पाहिला पण झाकला नाही, झाड मात्र झाकलंही आणि तोललंही. तुमच्या जुळाऱ्याला हा फरक शब्दांत सांगता येणार नाही. हाताला मात्र जाणवेल.

शाईचा डाग :

सर, हे वाचून उठले आणि थेट लिहायला बसले. प्रसंग सापडला.

रात्र आहे, मेणबत्ती संपत आलीय, वाळुंजाचं पान जुळवून झालंय. तो सवयीनं आकडे तपासतो. १६९ पौंड ३ औंस, त्यातून ५ पौंड गेले. खाली १६४ लिहिलंय. ३ औंस कुठे गेले? तो मूळ हस्तलिखित काढून बघतो. तिथेही १६४च आहे. दुरुस्त करायचा हक्क त्याला नाही. तो खडूनं भिंतीवर ३ लिहून ठेवतो आणि मग मागची पानं उलटून उंदरांच्या मजकुरात एखादा तरी आकडा तोललेला आहे का ते शोधायला लागतो.